शिवणीच्या फळीवरचा साहेब

१९३० सालच्या पावसाळ्यात गोंदियात जंगल सत्याग्रहाची हवा होती. राखीव रानातलं गवत कापायचं आणि तुरुंगात जायचं, असं ठरलं होतं. फक्त कापायला माणसं मिळत नव्हती. म्हणून काँग्रेसचे केवलराम मास्तर शालीकरामकडे आले. शालीकराम लाकडाचे ठसे कोरायचा. मुन्नालाल सेठच्या विड्यांच्या पुड्यांवरचा मोर त्याच्याच हातचा.

"गोरा साहेब गवताच्या ढिगावर बसून ढेकर देऊन राहिला, अन् खाली आपली हाडकुळी गाय, असा चित्र पाहिजे," मास्तर म्हणाले. "भाषणात लोकं जांभया देऊन राहिले, भाऊ."

जस्ताचा ठसा नागपूरहून मागवला तर पोलिसांना सुगावा लागला असता. म्हणून शिवणीच्या झाडाची लाकडी फळी. गाय झकास उतरली. पण नेमकी साहेबाच्या नाकावर लाकडाला गाठ निघाली. दोन पटाशा बोथट झाल्या, गाठ काही हटेना. आणि ठशात जे कोरून निघत नाही ते काळंभोर उमटतं. नाक वांग्याएवढं झालं. त्याच धांदलीत हॅटची कड उडाली आणि साहेबाच्या डोक्यावर नुसती गोल टोपी उरली.

"चालते," मास्तर म्हणाले. "मोठा नाक म्हंजे मोठा अन्याय."

कागद सेठच्या विड्यांच्या लेबलांचा उरलेला, गुलाबी. बाजाराच्या दिवशी भिंतीभिंतीवर चित्र लागलं आणि अख्खा बाजार म्हणाला, "अरे, हा तं मुन्नालाल सेठ!" नाक तेच, टोपी तीच. आणि सेठजी साहेब लोकांच्या पंगतीला बसतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं?

दुपारी सेठजी चित्र हातात घेऊन शालीकरामच्या दारात. शालीकरामला एकच धास्ती: एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं, की मोर कोरायचा कुणासाठी?

"ये कौन है?"

"साहेब होय जी."

"तो बाजारवाले मले पाहून ढेकर काऊन देऊन राहिले?"

"लाकडाले गाठ होती जी, नाकावर."

"मेरे नाक पे गाठ?"

शालीकरामची बायको धुरपताबाई सुपात तांदूळ पाखडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "सेठजी, साहेब काही गवत कापत नाही. उद्या राखीव रानात तुम्ही एक पेंढी कापून दाखवा. मंग कोन म्हणन का हा तुम्ही आहा?"

सेठजी विचारात पडले. तेवढ्यात रस्त्यावर कुणीतरी लांबलचक ढेकर दिला.

"कल कितने बजे?" सेठजींनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सेठ कापतो म्हटल्यावर रानाकडे जत्राच लोटली. रेशमी कुडत्यात सेठजी वाकले, विळा उलटा धरला आणि पहिल्याच फटक्यात स्वतःच्या धोतराचा काठ कापला. फॉरेस्ट गार्ड सवयीनं सलाम ठोकून म्हणाला, "सेठजी, सावलीत बसा ना जी."

"पकड मले!" सेठजी ओरडले. "सबके सामने पकड!"

लोकांनी जयजयकार केला. शालीकराम नुसता पाहायला आला होता, पण सेठजींची ती धडपड त्याला बघवेना. तो पुढे झाला, "असा धरा जी," म्हणत विळा सुलटा करून दिला आणि दाखवता दाखवता त्याचीच पेंढी बांधून झाली. गार्डानं दोघांनाही छकड्यात बसवलं. धुरपताबाई गर्दीतून ओरडली, "भाकर तं खाऊन जा!"

छकडा हलला. सेठजींनी पानाचा डबा उघडला आणि पहिला विडा शालीकरामपुढे धरला. मांडीला मांडी लावून दोघं पान चघळत, लोकांना हात करत ठाण्याकडे निघाले.