डाव्या चाकाची ओल

आमच्याकडे गाडी घेतली की आधी सरोवराकाठच्या कोपाकाबानाला न्यायची. देवळासमोर फुलांनी मढवायची, पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून घ्यायचं आणि मग चारही चाकांवर बिअर ओतायची, धरतीमातेचा वाटा म्हणून. त्या दिवशी गाडीला नावं ठेवायची नाहीत. ठेवली, तर पुढे जे होईल ते तुमच्या जिभेमुळे झालं असंच लोक धरून चालतात. म्हणून परतीच्या वाटेवर मी बराच वेळ तोंडाला कुलूप लावून बसले. मला ते जमत नाही, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, फ्रोइलानची. परदेशात लोकांचे कपडे शिवून त्यानं ती घेतली होती, तीही जुनीच. पुढे त्याच्याशेजारी आई, मागे मी आणि त्याची चिमुरडी नायेली, केसांत देवळासमोर उधळलेल्या रंगीत कागदाच्या टिकल्या घेऊन. प्रत्येक वळणावर फ्रोइलान ब्रेकचं पेडल दोनदा दाबत होता. एकदा दाबून भागत नसेल तरच माणूस दोनदा दाबतो. अजून चढ होता, पण घाटमाथ्यानंतर रस्ता थेट तिकिनाच्या खाडीपर्यंत उतरतो आणि तिथे पलीकडे जायला गाडी लाकडी तराफ्यावर चढवून जागच्या जागी थांबवावी लागते. नाही थांबली तर पुढे सरोवर.

माथ्यावर नायेलीला लघवीला लागली म्हणून थांबलो. मी गाडीभोवती एक फेरी मारली. डावं मागचं चाक आतून ओलं होतं.

"बिअर आहे ती," फ्रोइलान म्हणाला.

"मग बाकीची तीन कोरडी कशी?"

"आईनं तिथे जास्त ओतली असेल. तिचा हात सैल."

"माझ्यावर ढकलू नकोस हं," आई खिडकीतून म्हणाली. "एक बाटली चारही चाकांत सारखी वाटली मी."

मी बोट लावलं. वाळत आलेली बिअर चिकटते, हे तर बुळबुळीत होतं आणि वासही उग्र. नवऱ्याबरोबर एल आल्तो शहराच्या बाजारात गाड्यांचे सुटे भाग विकण्यात माझी उमर गेली. तो वास मी झोपेतही ओळखेन.

"ब्रेक ऑइल आहे हे."

"ताई, आजच्या दिवशी तरी!"

"इंजिन चालू कर आणि पेडल दाबून धर."

तो हलेना. मग मीच घागरा सावरून स्टिअरिंगपुढे बसले. पेडल दाबलं, आणि चिखलात रुतावा तसा माझा पाय हळूहळू पार तळाला गेला. भराभर चार वेळा दाबल्यावर ते वर आलं, धरून ठेवलं तर पुन्हा खाली. बॉनेट उघडलं. ब्रेकच्या डबीतलं ऑइल खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं.

"चाकातलं ब्रेकचं सिलिंडर गळतंय," मी म्हणाले. "अर्ध्या उतारावर या पेडलात काही उरणार नाही, फ्रोइलान."

तो भांडेल असं वाटलं होतं. तो बॉनेटवरच्या फुलांकडे बघत राहिला.

"परवाच कळलं होतं मला."

"काय कळलं होतं?"

"पेडल खाली जातंय ते. म्हणूनच तर घाईनं आणली इथे. म्हटलं, एकदा आशीर्वाद मिळाला की..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्ख्या आईला आणि पोरीला बसवून हा या घाटातून आला होता! मी हात उगारला, तेवढ्यात नायेली धावत आली, टुणकन मागच्या सीटवर चढली आणि तिनं धाडकन दार लावलं.

"चला ना बाबा, तराफा जाईल!"

गाडी वीतभर पुढे सरकली. हँडब्रेक ओढलेला होता, पण तो मागच्या दोनच चाकांना धरतो, आणि त्यातलं एक भिजलेलं.

फ्रोइलान कसा धावला ते मला दिसलंच नाही. दार उघडून त्यानं पोरीला खेचून बाहेर काढलं, तोवर मी आईला दंडाला धरून उतरवलं. गाडी आणखी थोडी सरकून थांबली. आईनं वाटेकडेचा मोठा दगड उचलला आणि फ्रोइलानच्या हातात दिला.

चाकाखाली लावताना तो त्याच्या हातून दोनदा निसटला.

"बाबा, चाकाला दगड कशाला?" नायेलीनं विचारलं. "पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलंय ना?"

फ्रोइलाननं आणखी एक दगड उचलला आणि दुसऱ्या चाकाखाली सारला.