मागची फट

दत्तोबांना एक खोड होती. नवी वस्तू दिसली की ती हातात घेऊन उलटीपालटी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गावात फवारणीचा ड्रोन पहिल्यांदा आला, तेव्हा पासष्टी उलटलेला हा माणूस पोरांना बाजूला सारून त्याच्या पात्याला बोट लावायला निघाला होता. त्यामुळे पिकअपच्या हौद्यावर सतरंजीसारखं गुंडाळून ठेवता येणारं कव्हर बसवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी घरी थांबणं शक्यच नव्हतं. तोंडानं मात्र म्हणाले, "मी येतो. न्हायतर तुमाला कुणीबी गंडवंल."

कव्हर हवं होतं सुनेला, स्वरूपाला. शेळगावजवळच्या त्यांच्या वस्तीवर सगळा ऊस. त्यातला एक एकर तिनं सासऱ्याकडून मागून घेतला, तिथं तुती लावली आणि शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळल्या. दत्तोबांनी एकर दिला, पण बोली करून दिला. तीन बॅच. तिन्हींत एकदा तरी कोषांना पहिली प्रत मिळाली पाहिजे, नाहीतर तुती उपटायची आणि पुन्हा ऊस लावायचा.

पहिल्या बॅचचे कोष बारामतीच्या बाजारात पोचले ते ओलसर आणि मऊ पडून. दुसरीचे पोचले ते मातकट होऊन. घरून निघताना दोन्ही वेळा कोष पांढरेशुभ्र होते, असं स्वरूपा पुन्हा पुन्हा सांगत होती. दत्तोबांचं निदान ठरलेलं होतं, अळ्याच रोगट! गाडीवर ताडपत्री त्यांनी स्वतः बांधली होती, आणि ताडपत्री बांधावी तर दत्तोबांनी, असं सगळी वस्ती म्हणे. तेव्हा तिकडं शंका घ्यायचं कारणच नव्हतं. हे निदान त्यांनी पारावर सांगितलं, दूध डेअरीवर सांगितलं, पाहुण्यांच्या लग्नात पंगतीतही सांगितलं. "आमच्या सूनबाईचे किडे घरनं निघताना आंघोळ करत्यात," असं म्हणून त्यांनी लोकांना पोट धरून हसवलं. स्वरूपा ऐकून घ्यायची. आता तिसरी बॅच बाजारात न्यायला दोनच दिवस उरले होते.

कुंडलिकचं पत्र्याचं दुकान बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला होतं. पूर्वी तो जीपचे हुड शिवायचा, आता पिकअपची कव्हरं. दत्तोबांच्या मुलानं, इंद्रजितनं, गाडी दुकानापुढं लावली तसा कुंडलिक टेप घेऊन बाहेर आला.

"माल काय भरता?" त्यानं विचारलं.

"रेशमाचे कोष," स्वरूपा म्हणाली.

"म्हंजे कापूसच धरायचा."

"न्हाय. जित्ता माल हाय. आत किडा असतो, तो श्वास घेतो. कोंडलं की कोषांना घाम फुटतो, दाबलं की डाग पडतो. पाणी तर लागायलाच नको." तिनं पर्समधून एक कोष काढून त्याच्या हातावर ठेवला. "हा मागच्या बॅचचा. कानाशी हलवून बघा."

कुंडलिकनं कोष हलवला. आत काहीतरी सुकं खुळखुळलं. त्यानं पुन्हा हलवला. "पंचवीस वर्षांत सिमेंट झाकलं, कोंबड्या झाकल्या, एकदा पावसात अख्खा नवरदेव झाकला," तो म्हणाला. "श्वास घेणारं सूत आज पयल्यांदा बघतोय."

दत्तोबा दुसरीकडं बघत राहिले. हा खुळखुळा त्यांनी घरी कोणी नसताना दहा वेळा तरी वाजवून पाहिला होता, पण ते सांगणार कोण!

मग कापडाची निवड सुरू झाली. कुंडलिकनं दोन गठ्ठे उलगडले. एक काळं, गुळगुळीत, प्लास्टिकचा थर दिलेलं. दुसरं फिक्या रंगाचं जाड कॅनव्हास. इंद्रजितला काळं आवडलं. पातळ असल्यानं त्याची गुंडाळी छोटी होत होती आणि गाडीला रुबाबही येत होता.

"आधी तोंडाला लावून फुंका," कुंडलिक म्हणाला. "वारा जातो का न्हाय, तोंडाला लगेच कळतं."

हे काम दत्तोबांनी लगेच स्वतःकडं घेतलं. काळ्या कापडाला तोंड लावून त्यांनी जोर केला. गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण पलीकडं काडीचा वारा गेला नाही. कॅनव्हासमधून मात्र फुंकर आरपार गेली.

"वारा जातो, मग पाणीबी जाणार," ते खुशीत म्हणाले. त्यांना कुंडलिकला पेचात पकडल्यासारखं वाटलं.

कुंडलिकनं कॅनव्हासचा तुकडा चार खिळ्यांना ताणून बांधला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. मध्ये छोटं तळं झालं. खाली थेंब नाही. "सूत भिजलं की फुगतं आन भोकं बुजत्यात. फकस्त खालनं बोट लावू नका, लावलं की तितनंच गळंल."

पण दत्तोबांचं बोट तोवर खाली पोचलं होतं. बोट टेकल्या जागी एक थेंब जमला आणि त्यांच्या मनगटावरून बाहीत गेला. दत्तोबा इतके खूश झाले, की त्यांनी दुसऱ्या तीन ठिकाणी बोट लावून पाहिलं. शेवटी कुंडलिकनं तांब्याच आत नेऊन ठेवला.

स्वरूपानं दोन्ही कापडं उन्हात टाकली आणि थोड्या वेळानं दोन्हींवर हात ठेवला. काळ्यावरचा हात लगेच उचलला. "हे कॅनव्हास घ्या," ती म्हणाली. इंद्रजितचा रुबाब तिथंच संपला.

कुंडलिकनं हौद्याची लांबीरुंदी घेतली, मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याला तिरका टेप लावला, मग दुसरा तिरका. दोन मापांत इंचभर फरक निघाला.

"ह्या गाडीत कधी ऊस भरला व्हता का?" त्यानं विचारलं.

इंद्रजितनं बापाकडं पाहिलं. दत्तोबा टेपकडं पाहत होते. हौदा त्यांच्या उसानं वाकडा झालेला या माणसाला नुसत्या टेपवर कसा दिसला, याचंच त्यांना नवल वाटत होतं. त्यांनी दोन्ही तिरकी मापं स्वतः घेऊन खात्री केली.

दुपारपर्यंत हौद्याच्या दोन्ही कडांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसल्या, मध्ये तीन कमानी आल्या, आणि वाकड्या हौद्याला वाकडंच कापलेलं कॅनव्हास त्यावर चापूनचोपून बसलं. मागच्या फाळक्याकडून गुंडाळायला सुरुवात केली की पुढं केबिनपाशी त्याची वळकटी होई, दोन पट्ट्यांनी बांधली की झालं. दत्तोबांनी ते चार वेळा उघडलं आणि पाच वेळा लावलं.

अडलं ते शेवटी. "नुसत्या कापडातनं जाणारा वारा जित्त्या मालाला पुरायचा न्हाय," कुंडलिक म्हणाला. "एका बाजूला जाळी ठेवू. पुढं का मागं? शिवणार मी, पर भरणारानं सांगायचं."

"मागं," दत्तोबा म्हणाले.

"मागं नको," स्वरूपा म्हणाली. "आबा, मागच्या खेपेला फाळक्याजवळच्या पिशव्यांतच माती जास्त व्हती. मी एकेक पिशवी बघितली."

"अगं, गाडी पुढं पळती का मागं? वारा पुढनं येणार, धूळबी पुढनंच येणार. हे शेंबडं पोरबी सांगंल. माती अळ्यांच्याच अंगाला व्हती."

"अळ्या मातीत न्हाय राहत, आबा. पाल्यावर राहत्यात."

तिचा आवाज चढला नव्हता, पण ती मागंही हटली नव्हती. दत्तोबांनी कुंडलिककडं पाहिलं, मग हौद्याकडं. आत नक्की काय होतं, हा प्रश्न आता त्यांच्याच डोक्यात वळवळायला लागला होता. "पुढनं बंद करा, मागं चार बोटं फट ठेवा," ते म्हणाले. "मी आत बसून बघतो."

"आबा, ती माणसं बसवायची जागा न्हाय," इंद्रजित म्हणाला.

"आज मी माणूस न्हाय, माल हाय. हळू चालव."

दुकानामागं मोकळ्या प्लॉटांमधून कच्चा रस्ता होता. दत्तोबा हौद्यात आडवे झाले, वर कव्हर ओढलं गेलं आणि गाडी हलली.

आत पिवळसर उजेड होता. शिवणीच्या प्रत्येक भोकातून उन्हाचा एकेक ठिपका आत आला होता, तो त्यांनी आधी बोटानं झाकून पाहिला. मग पुढच्या बाजूला हात नेला. तिथं काही नाही, साफ. म्हटलं ना, असं मनात म्हणत त्यांनी मागं मान वळवली, आणि बघतच राहिले. चार बोटांच्या फटीतून धूळ आत येत होती. चाकांनी उडवलेली धूळ गाडीच्या पाठीशी गोळा होई, फटीतून आत ओढली जाई आणि सरळ पुढं, त्यांच्या तोंडाकडं पळत येई. गाडी पुढं पळत होती म्हणूनच धूळ मागून आत शिरत होती. दत्तोबांना इतकी मौज वाटली, की क्षणभर ते तोंड उघडं टाकून पाहत राहिले. तोंडात माती गेली. ती दाताखाली करकरली, आणि तेव्हा त्यांना आठवलं.

पहिल्या खेपेला निळी ताडपत्री त्यांनी उसावर आवळतात तशी चाकावर पाय देऊन आवळली होती. निळं प्लास्टिक, वर ऊन, आत जित्ता माल. दुसऱ्या खेपेला स्वरूपा म्हणाली, आबा, थोडा वारा राहू द्या. तेव्हा त्यांनी मागं फट ठेवली होती आणि म्हणाले होते, हा घे तुझा वारा. किती फट? त्यांनी आता हात लांब करून मोजलं. चार बोटं.

दत्तोबांना लाज वाटली. साधी नाही, पंगतीतलं ते हसू एकदम कानात ऐकू यावं अशी. त्यांनी केबिनवर थापा मारल्या.

दुकानापाशी परत येऊन कव्हर उघडल्यावर कुंडलिक म्हणाला, "पिठाच्या गिरणीतनं आला काय, तात्या?" इंद्रजित हसून हसून स्टिअरिंगवर वाकला. स्वरूपा हसली नाही. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. दत्तोबांनी चूळ भरली आणि एवढंच म्हणाले, "जाळी पुढं. मागनं वीतभर कापड फाळक्यावर आणून बंद करा."

दोन दिवसांनी सकाळी तिसरी बॅच बारामतीच्या कोषबाजारात पोचली. अळ्या पाळणारे बरेच जण जमले होते. त्यांत पंगतीत शेजारी बसलेला सोपानही होता. गाडी पाहताच तो ओरडला, "काय दत्तोबा, सूनबाईचे किडे आजबी आंघोळ करून आलं का?"

चारसहा जण हसले. स्वरूपाचा हात कव्हरच्या पट्टीवर होता, तो तिथंच थांबला. आत काय झालं असेल हे तिलाही माहीत नव्हतं, आणि ही शेवटची खेप होती.

दत्तोबा गाडीतून उतरून तिच्याजवळ आले.

"सोपान, ती आंघोळ मीच घातली व्हती," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पयल्या खेपेला मी दोरी आवळून माल कोंडला. दुसऱ्या खेपेला मी फट ठेवली, तितनं माती गेली. अळ्या चांगल्या व्हत्या. मीच गावभर खोटं सांगत फिरलो."

दत्तोबा सुनेकडं वळले. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"तीन बॅचची बोली व्हती. त्यातल्या दोन मी नासवल्या, त्या माझ्या धर. ही तुझी पयली. आत कसाबी माल निघू दे, अजून दोन तुझ्याच हायत. उघड आता."

स्वरूपानं पट्टी सोडली. कव्हर गुंडाळत पुढं नेलं. मग ती परत मागं आली आणि अगदी फाळक्याजवळच्या पिशवीत तिनं हात घातला. हात बाहेर आला तो पांढरा कोष घेऊन. तिनं तो आपल्या काळ्या पदरावर घासला. पदराला काही लागलं नाही.

व्यापारी जवळ आला होता, पण तिनं कोष त्याला दिला नाही. तो तिनं सासऱ्याच्या कानाशी धरला आणि हलवला. बाजाराच्या गलक्यात दत्तोबा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"अजून एक दे," ते म्हणाले.