चंद्रभागेच्या डोळ्यांतली चांदी

द्वारका चौकाजवळच्या कारखान्यात चंद्रभागेनं उमेदीची सगळी वर्षं चांदीची भांडी पॉलिश करण्यात घालवली. मशीनचं चाक फिरे, चांदीची बारीक धूळ उडे. नाकातोंडावर पदर असला तरी डोळे उघडेच असत. हळूहळू डोळ्यांचा पांढरा भाग पाटीसारखा करडा झाला.

ते आधी हेरलं मालकाच्या बायकोनं, गोदावरीबाईंनी. "असली नजर लक्ष्मीवर पडते, म्हणून धंदा बसला," असं त्या चारचौघींत बोलल्या. दुसऱ्याच दिवशी चंद्रभागेचं काम गेलं. "जन्मापासून तसेच आहेत तिचे डोळे," मालक गंगाधरशेठ विचारेल त्याला सांगत राहिले. तिला बघून गल्लीतल्या बाया तान्ही पोरं पदराखाली झाकू लागल्या. धाकट्या जावेनं बारशाला बोलावलंच नाही.

शेवटी ती डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉ. मृण्मयींनी यंत्रातून तिचे डोळे तपासले. "चांदी आहे ही. इतकी वर्षं धूळ अंगात जात राहिली, ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या थरात जाऊन बसलीय. दृष्टीला काही धोका नाही. पण हा रंग आता जायचा नाही."

"कधीच नाय?"

"नाही."

"बरं झालं," चंद्रभागा म्हणाली.

त्या वर्षी धनत्रयोदशीला शेठनी इंदिरानगरात चांदीचं नवं दुकान उघडलं. गर्दी ऐन भरात असताना चंद्रभागा आली आणि पायरीवर उभी राहिली. आत जाणाऱ्या प्रत्येकीकडे टक लावून बघत राहिली. एक बाई उंबऱ्यावरूनच परतली. मग दुसरी.

शेठ धावत बाहेर आले. "सणासुदीचं काय मांडलंयस हे? हवंय काय तुला?"

"माझ्या डोळ्यांत काय हाय ते सांगा. लगेच जाते."

"आत ये, बोलू आपण."

"आत नाय. हितंच. मालकीणबाई बी चारचौघींतच बोलल्या व्हत्या."

तिसरी बाई लेकीचा हात धरून मागे फिरली. शेठनी घाम पुसला आणि गिऱ्हाइकांकडे वळून हसू आणलं. "अहो, घाबरू नका, नजरबिजर काही नाही. चांदी आहे ती. आमच्याच कारखान्यातली. काम करता करता डोळ्यांत बसली."

काउंटरपाशी एक बाई पैंजण निरखत होत्या. त्यांनी ते अलगद मखमलीवर परत ठेवले आणि बोटं पदराला पुसली.

चंद्रभागा पायरीवरून हलली नाही.

"मोठ्यानं, शेठ," ती म्हणाली. "मागच्या बाईंना ऐकू आलं नाय."