बस्त्याव सिद्दीचा सत्कार

"पोरीला एस्टीत बसवली. तिची आय बी गेली संगं," बस्त्याव म्हणाला. "मी आलोय. माझ्यावर भागवा."

हलगी थांबली. सरपंच भाऊसोंच्या हातातला हार तसाच अधांतरी राहिला. विहिरीच्या काठावर हळदकुंकवाचं ताट, नारळ आणि तो फोडायला कोयता. बस्त्यावची नजर कोयत्यावरून हलत नव्हती.

बस्त्याव सिद्दी मूळचा कर्नाटकातल्या हल्याळच्या जंगलातला. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून गलबतात घालून आणलेल्या माणसांचा वंश. बहात्तरच्या दुष्काळात बापाबरोबर आमच्या जतकडं विहिरी पाडायला आला. न उडालेला सुरुंग बघायला खाली उतरायचं म्हटलं, की आम्हा बाप्यांना नेमकी तंबाखूची तलफ यायची. उतरायचे हे बापलेक. तिसऱ्या विहिरीत सुरुंगानं बाप गेला. पोरानं पुढं अकरा पाडल्या. गाव त्यांचंच पाणी पितं. पण चोवीस वर्षांत त्याला कुणी लग्नाच्या पंगतीला बसवलं नाही.

शहाण्णव साली भाऊसोंच्या मनात आलं, या घराण्याचा सत्कार करायचा. तोही अचानक, म्हणजे मजा येईल. सकाळी दोघं जाऊन सांगून आले: आंघोळ करा, नवी कापडं घाला, घरातली सगळी माणसं घेऊन बापाच्या विहिरीवर या. कशाला, ते विचारायचं नाही.

आता माझं पाप सांगतो. तळ्याला पाणी लागेना म्हणून जुन्या लोकांनी एका परक्या कुटुंबाला हार घालून, हलगी लावून तळात पुरलं, ही गोष्ट मी बस्त्यावला बिड्या ओढता ओढता वीस वेळा तरी सांगितली असेल. तळं खोटं, कुटुंब खोटं. दर खेपेला मी हलगी तेवढी जास्त वाजवायचो. आणि त्या साली त्याच्या बापाची विहीर आटली होती.

"तू बी का पळाला न्हाईस रं?" मी विचारलं.

"समदीच गेलो आस्तो तर तुमी माग काढला आस्ता. पोरगी वाचाय पायजे."

भाऊसोंना घाम फुटला. "आरं गड्या, सत्कार हाय तुझा."

"व्हय," बस्त्याव अदबीनं म्हणाला. त्याला पटलं नव्हतं.

भाऊसोंनी कोयता लांब वावरात भिरकावला, नारळ दगडावर फोडला, शाल घातली. फोटोवाल्यानं विहिरीकडं पाठ करून उभं राहायला सांगितलं. बस्त्याव विहिरीकडं तोंड करून उभा, हलेना.

"आसाच काढा," म्हणाला.

तो फोटो पंचायतीत लावलाय. त्यात आम्हा सगळ्यांची तोंडं आहेत. बस्त्यावची नुसती पाठ. तिच्यावर नवी शाल, आणि एक पाय मागं घेऊन जमिनीत घट्ट रोवलेला.