लिसेन्सियादोंसाठी वीस लिटर

पवित्र शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी लिसेन्सियादो आर्रियागा वारले.

हे वाक्य चुकून पुढे आलं. ते वाचलंच नाही असं धरा. लिसेन्सियादोंना काहीही झालेलं नाही, आणि घड्याळात आत्ता कुठे सकाळचे साडेनऊ वाजलेत.

साडेनऊ वाजता ओबदुलिया काचेच्या टाकीसमोर गुडघे टेकून बसली होती. आत लिसेन्सियादो कोपऱ्यात तिरके तरंगत होते आणि भराभर तोंड उघडत-मिटत होते. बोटभर लांबी, नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. टाकी खाऱ्या पाण्याची, एकशेवीस लिटरची. निदान नऊ दिवसांपूर्वी तरी होती.

ओबदुलियाने पाणीखात्याच्या तक्रार खिडकीमागे सत्तावीस वर्षं काढली. साहेबांची, म्हणजे खऱ्या लिसेन्सियादो आर्रियागांची बदली झाली तेव्हा ते खुर्चीवरची उशी घेऊन गेले आणि केबिनमधली टाकी माशासकट सोडून गेले. ओबदुलिया निवृत्त झाली त्या दिवशी केक नव्हता, भाषण नव्हतं. "ही ब्याद तेवढी घेऊन जा," खात्यातले लोक म्हणाले, ती घेऊन आली. माशाला नाव साहेबांचंच राहिलं. दोघांत फरक एवढाच, की ती दार उघडून आत आली की हा लिसेन्सियादो काचेपाशी यायचा. जगात आपली वाट बघणारं दुसरं कुणी नाही, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

आणि आता शहराच्या इस्तापलापा भागातल्या तिच्या टेकाडावर नऊ दिवस नळ कोरडे होते. ऊन असं की टाकीतलं पाणी बघता बघता उडत होतं. पाणी उडतं, मीठ मात्र जागचं हलत नाही, सरकारी माणसासारखं. म्हणून वरून रोज निव्वळ शुद्ध, बिनक्षाराचं पाणी घालावं लागतं. घरचा फिल्टर नळाच्या जोरावर चालायचा, आणि नळातून फक्त सुस्कारे येत होते. टँकरचं पाणी चिंचेच्या सरबताच्या रंगाचं. त्यात लोखंड इतकं की बादलीला चुंबक चिकटेल. दुकानांतल्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. गॅरेजवाल्याने बॅटरीचं पाणी देऊ केलं, पण त्यात काहीतरी पोहत होतं. टाकीतला खारटपणा पस्तीस असायला हवा. त्या सकाळी तो चव्वेचाळीस होता.

ओबदुलियाने रिकामा जार उचलला, दोनचाकी ढकलगाडीवर बांधला आणि नाबोरचं दुकान गाठलं. ह्या ढकलगाडीला तिकडे सगळे 'सैतान्या' म्हणतात. पुढे ते नाव अंगाशी येणार आहे.

नाबोर कोपऱ्यावर शुद्ध पाण्याचे जार भरून विकतो. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात होणाऱ्या वस्तीच्या नाटकात यंदा त्याला पिलातचं काम मिळालं होतं: येशूला क्रुसावर धाडतो आणि 'माझा काही संबंध नाही' म्हणत लोकांसमोर हात धुतो, तो सुभेदार. नाटक शुक्रवारी संपलं होतं. नाबोर अजून लाल झग्यात होता आणि काउंटरवर डोकं ठेवून झोपला होता.

"नाबोर, ऊठ. पाणी दे."

"नाहीये, डोन्या ओबदुलिया."

"तुझ्या छतावर अख्खी टाकी होती."

"होती. बुधवारपासून तालमी सुरू झाल्या ना. दिग्दर्शक म्हणाला, मागच्या रांगेला हात धुतलेले दिसत नाहीत, सढळ हाताने धू."

"मग किती लागलं?"

"आठ जार."

"हात धुवायला?"

"डोन्या, गुन्हा केवढा होता तो बघा की."

ओबदुलिया काउंटरला धरून उभी राहिली. तिचा चेहरा बघून नाबोर उठला. तो आत गेला आणि यंत्राच्या तळाशी राहिलेलं सगळं जारमध्ये ओतून घेऊन आला. बरोबर वीस लिटर. ओबदुलियाने पिशवीतून क्षार मोजायचा पेन काढून पाण्यात बुडवला. आकडा आला तीन, म्हणजे क्षार जवळपास नाहीच.

"नाबोर!"

"माझा काही संबंध नाही," नाबोर म्हणाला आणि परत झोपला.

वीस लिटर. लिसेन्सियादो जगायला एवढे पुरे होते. थोडं थोडं घालायचं, घाई करायची नाही. रात्रीपर्यंत चव्वेचाळीसचे अडतीस झाले असते. ओबदुलिया सैतान्या ढकलत निघाली. दोनच गल्ल्या ओलांडायच्या होत्या.

पहिल्याच गल्लीच्या तोंडाशी गस्तीची गाडी होती.

पवित्र शनिवारी एकमेकांना पाण्याने भिजवायची त्या शहराची जुनी रीत. पाणी संपत चाललं तशी बंदी आली: रस्त्यात पाणी उडवताना सापडलात तर छत्तीस तास आत. हवालदार उर्बिनाला सकाळपासून एकही गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, कारण उडवायला पाणी कुणापाशीच नव्हतं. आणि आता वीस लिटर स्वतःच्या पायाने चालत येत होते.

"थांबा मावशी. कुणाला भिजवायचा बेत आहे?"

"कुणालाही नाही, साहेब. घरी नेतेय."

"सगळे घरीच नेत असतात. उतरवा जार. इथेच रस्त्यावर ओतायचा, मी पंचनामा करतो."

"रस्त्यावर पाणी ओतायला बंदी आहे ना?"

"तुम्हाला आहे. आम्ही पुरावा नष्ट करतो."

उर्बिनाने बुचाला हात घातला. ओबदुलियाच्या तोंडून जे निघालं ते विचार करून निघालं नव्हतं.

"नका हो! लिसेन्सियादो मरतील!"

बुचावरचा हात थांबला. त्या शहरात टाय घातलेल्या कुणालाही लिसेन्सियादो म्हणतात, त्यामुळे त्या शब्दाने कुणी घाबरत नाही. घाबरतात ते पुढच्या आडनावाला.

"कोण लिसेन्सियादो?"

"आर्रियागा."

"पाणीखात्याचे?"

"हो, खात्यातलेच."

उर्बिनाने टोपी सरळ केली. "तुमच्या घरी आहेत?"

"सहा वर्षं झाली."

"सहा व…" उर्बिनाने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने दुसरीकडे बघितलं. "बरं. आमचं काही ऐकायचं काम नाही. काय होतंय त्यांना?"

"श्वास लागलाय. नुसतं तोंड उघडतात नि मिटतात, आवाज काही येत नाही."

"साहेब म्हणजे साहेब," उर्बिना हळहळला. "आजारपणातही सवय जात नाही."

इथे ओबदुलियाला सांगता आलं असतं. पण सत्तावीस वर्षं खिडकीमागे बसून ती एक गोष्ट शिकली होती: अर्जात विचारलेलं नाही ते लिहायचं नाही. ते लिसेन्सियादो मासा आहेत का, असं कुणी विचारलं नव्हतं. आणि मासा म्हटलं असतं तर ते वीस लिटर तिथेच गटारात गेले असते.

"बसा मावशी," उर्बिना म्हणाला. "सायरन लावून नेतो."

तिला मागच्या सीटवर बसवलं. जार पुढे, उर्बिनाच्या मांडीवर. सैतान्या डिकीत. गाडी निघाली आणि ओबदुलियाने नऊ दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली. घर डावीकडे होतं. गाडी उजवीकडे वळली.

"इकडे कुठे?"

"पाद्रेंना घेऊ. एवढा मोठा माणूस पाद्रेशिवाय गेला तर उद्या मलाच विचारतील, का नाही आणला म्हणून."

"नको हो! पाणी पोचवा फक्त!"

"तुम्ही खचू नका मावशी. आम्ही आहोत ना."

चर्चच्या अंगणात रात्रीच्या विधीची तयारी चालली होती. कुठून कुठून मिळवलेल्या चार-चार घोट पाण्याच्या बाटल्या घेऊन लोक रांगेत उभे होते, आणि पाद्रे अनाक्लेतो ते पाणी मंतरून देत होते. तिथली रीत अशी की पाणी मंतरताना त्यात मंतरलेलं मीठ टाकतात. बाटलीला एक चिमूट.

उर्बिना जार घेऊन उतरला आणि थेट रांगेच्या पुढे गेला.

ओबदुलियाने दाराचा खटका ओढला. पोलिसांच्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही. तिने काचेवर हात आपटला. मग दोन्ही हात. मग चप्पल.

"मीठ नको! मीठ नको!"

काच जाड होती. अंगणातून फक्त एवढंच दिसत होतं, की एक बाई ओक्साबोक्शी रडतेय आणि छाती पिटायला जागा नाही म्हणून काच पिटतेय. रांगेतल्या बायकांनी, पदर नव्हते म्हणून, मनगटाने डोळे पुसले.

"डिकीत काय खडखडतंय?" पाद्रेंनी विचारलं.

"सैतान्या आहे, पाद्रे. बाईचा."

पाद्रेंनी गाडीकडे बघितलं. काचेमागे ओबदुलिया चप्पल आपटत होती. त्यांनी चिमूट टाकली. थांबले. आणखी एक टाकली.

"पाद्रे, लिसेन्सियादो आहेत," उर्बिना हळूच म्हणाला. "चिमटीने नका मोजू. खात्याचा माणूस आहे, वरती पण चौकशी कडक होईल."

पाद्रेंनी किलोची पिशवी उलटी केली.

रांग संपल्याशिवाय पाद्रे निघाले नाहीत; सगळे घरी पोचले तेव्हा पावणेदोन वाजले होते. दार उघडताच ओबदुलिया टाकीकडे धावली. लिसेन्सियादो वाळूवर आडवे होते. कल्ला हलत होता, थांबत होता, परत हलत होता. ती दिसली तसे ते काचेकडे यायला निघाले आणि अर्ध्या वाटेवर विसरले.

पाद्रेंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती. उर्बिनाने टोपी काढली आणि पलंग शोधत दोन खोल्या फिरून आला.

"मावशी, लिसेन्सियादो कुठेत?"

ओबदुलियाने बोट दाखवलं.

उर्बिनाने वाकून काचेतून बघितलं. ड्रायव्हर आला, बघून गेला. मग उर्बिनाने टोपी परत घालायची की नाही ह्याचा विचार केला आणि ती अर्धवट घातली.

ओबदुलियाने जारमध्ये पेन बुडवला. पेनाने आकडा दाखवायचं सोडून दिलं. नुसती आडवी रेघ आली. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. समुद्रही इतका खारट नसतो.

"हे परत घ्या," ती म्हणाली.

"काय परत घेऊ, बाई?"

"आशीर्वाद. तुम्ही घातलात, तुम्हीच काढा. मीठ त्याच्याबरोबर आलंय, त्याच्याबरोबर जाईल."

"दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही."

"तुमच्या वर कोण आहे?"

"बिशप."

"मग त्यांना फोन लावा! तो मरतोय, पाद्रे. माझं दुसरं कोणी नाही हो." सत्तावीस वर्षांत खिडकीच्या त्या बाजूने हे वाक्य तिने हजारदा ऐकलं होतं. ह्या बाजूने ते असं लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पाद्रे अनाक्लेतो वाईट माणूस नव्हते. उपवासाने थकले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माशापुढे निरोपाची प्रार्थना म्हणून बसले होते. त्यांनी घाम पुसला आणि तेच म्हणाले जे ओबदुलिया प्रत्येकाला म्हणत आली होती.

"लेखी द्या."

दोनला पाच कमी होते. लिसेन्सियादोंचा कल्ला हलत होता. ओबदुलिया टाकीशेजारी जमिनीवर बसली, मांडीवर कागद घेतला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

प्रति,
मा. बिशप महोदय,
पाद्रे अनाक्लेतो यांच्यामार्फत.

विषय: वीस लिटर शुद्ध पाण्यावर अनवधानाने झालेला आशीर्वाद रद्द करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की, सदर आशीर्वाद त्यातील एक किलो मिठासह तात्काळ मागे घेण्यात यावा, व पाणी मूळ स्थितीत अर्जदारास आजच परत करण्यात यावे. तसेच हा अर्ज निकाली निघेपर्यंत लिसेन्सियादो आर्रियागा यांना जिवंत समजण्यात यावे.