गॅलरीतल्या माईकची घुसमट

मित्रांनो, जरा जवळ या. मी एक जुना माईक आहे, आणि या वयात मला लांबचे नीट ऐकू येत नाही. शिवाय माझा जीव कायम कासावीस. एक गोष्ट धरून सांगायला बसलो, तरी मध्येच माझी खरखर सुरू होते. तेवढी सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. टेबलामागे टेबल, प्रत्येक टेबलावर एक दिवा. माझ्या पोटात केसाहून बारीक तार आहे. ती गुंडाळणाऱ्या एक काकू होत्या. तारेला धक्का लागू नये म्हणून त्या श्वास रोखून काम करत आणि काम संपले की मोठा उसासा सोडत. मी ऐकलेला पहिला आवाज म्हणजे तो उसासा. मग तपासणीवाल्या माणसाने माझ्यासमोर "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हटले, समोरच्या यंत्रातली सुई हलली आणि त्याने मला खोक्यात टाकले. जगातल्या प्रत्येक माईकशी माणसे पहिल्यांदा हेच बोलतात. "कसा आहेस?" असे मला अजून कोणी विचारलेले नाही.

तिथून मी थेट देशाच्या सभागृहात आलो. विरोधी पक्षाच्या बाकावर मला बसवले. माझ्या मानेजवळ एक लाल दिवा होता. काचेच्या खोलीत बसणारे ध्वनीकाका बटण दाबत, दिवा लागे आणि माझ्यासमोरचा माणूस बोलू लागे. काय काय ऐकले म्हणून सांगू! संताप, आर्जवे, खोकला, पोटातली गुरगुरसुद्धा. कोणी माझ्यासमोर मूठ आपटे, कोणी माझी मान पिळे. विरोधी बाकावरच्या माईकला शांतपणा कुठला मिळायला? पण ध्वनीकाका संध्याकाळी मला मऊ फडक्याने पुसत आणि म्हणत, "म्हातारा होत चाललाय, पण गळा काय गोड आहे!" तेवढ्यावर माझा दुसरा दिवस सुखाचा जाई.

पुढे काडीसारखे बारीक, चकचकीत माईक आले. मला काढून सामानाच्या कपाटात ठेवले. माझ्या एका बाजूला मोडका पंखा आणि दुसऱ्या बाजूला न वाजणारी घंटा. दोघेही शांत. मीच तेवढा तळमळत असे. दाराबाहेर पावले वाजली की वाटे, आले बरे का मला न्यायला!

आणि एके दिवशी खरेच आले. पण ते दिवस आनंदाचे नव्हते. जगभर साथ पसरली होती. माणसे तोंडाला मास्क बांधून, एकमेकांपासून लांब लांब राहत होती. सभागृहातही सगळ्यांना जवळजवळ बसता येईना, म्हणून मागच्या बाकांवरच्या सदस्यांना वर, प्रेक्षकांच्या गॅलरीत बसवायचे ठरले. गॅलरीत माईक नव्हते. मग कपाट उघडले, माझ्यावरची धूळ झटकली आणि मला गॅलरीच्या कोपऱ्यात उभे केले. मला किती हायसे वाटले म्हणता!

पण नियम कडक होते. प्रत्येक भाषणानंतर माझ्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी काढायची आणि नवी घालायची. हे काम सफाईवाल्या मावशींकडे होते. मावशींच्या घरी म्हाताऱ्या सासूबाई होत्या, सदा धाप लागलेल्या. कोणीतरी बोलून गेलेल्या टोपीला हात लावायचा म्हणजे मावशींच्या अंगावर काटा येई. म्हणून त्या तोंड फिरवत, हात लांब करत आणि जुन्या टोपीवरच नवी टोपी अलगद सरकवून पळून जात. मी त्यांना दोष देत नाही. सगळे जगच तेव्हा हात आखडून वागत होते.

मला मात्र काही समजेना. रोज आवाज आणखी लांबून येऊ लागले, जणू शेजारच्या घरात कोणी बोलत आहे. वाटले, झाले, आपले कान गेले. आता पुन्हा कपाट!

त्याच कोपऱ्यात, माझ्याजवळ, बाई बसत. त्या विरोधी पक्षाच्या सदस्य. राजकारणात येण्यापूर्वी शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. मास्कच्या दोऱ्यांनी कान दुखतात म्हणून त्या फोन कानाला न लावता स्पीकरवर ठेवत. त्यामुळे कामकाजाची घंटा होण्याआधी त्यांच्या गावची माणसे काय बोलतात, ते लांबून आल्यासारखे का होईना, मलाही ऐकू येई. फोन सारखे वाजत. कोणाला औषध मिळत नव्हते, कोणाचा मुलगा परगावी अडकला होता. बाई एकीकडे बोलत, एकीकडे पाय हलवत. त्यांच्या पायाबरोबर माझा स्टँड हले.

त्या दिवशी फोनवर बेकरीवाल्या काकू होत्या.

"बाई, सुनेचे दिवस भरलेत. आणि आपल्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद केलीय. सगळा दवाखाना साथीच्या पेशंटना दिला म्हणे. मोठ्या शहरात न्या म्हणतात. बस बंद, ॲम्ब्युलन्स येत नाही. कशात घालून नेऊ? पावाच्या टेम्पोत?"

बाईंचा पाय थांबला.

"काकू, घाबरू नका असं मी म्हणणार नाही. मीच घाबरलेय. आज माझी बोलायची पाळी आहे. इथे बोललेलं नोंदीत गेलं, की मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागतं."

मित्रांनो, ते ऐकून माझ्या पोटातली तार थरथरली. नोंदीत कसे जाते, ठाऊक आहे ना? खाली मध्यभागी लघुलेखिका बसतात. मी जे पोचवतो, ते त्या लिहितात. मी नाही पोचवले, तर बोलणारा बोललाच नाही असे होते. आणि मला तर धड ऐकूच येत नव्हते!

दुपारी अध्यक्षांनी बाईंना बोलावले. माझा लाल दिवा लागला. बाई उभ्या राहिल्या. हातात कागद होते, त्यांत सरकारला चिमटे काढणारी वाक्ये छान रचून आणली होती. त्यांनी सुरुवात केली. खालून कोणीतरी ओरडले, "आवाज नाही."

बाईंना वाटले, नेहमीची टिंगल. त्यांनी आवाज चढवला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज माझ्या तोंडावर येऊन आदळला आणि प्लास्टिकमध्ये फडफडत राहिला. मी जीव तोडून खेचत होतो. खाली पोचली ती नुसती घरघर.

"बाई, वर्ग शांत बसलाय," सत्ताधारी बाकांवरून एक जण म्हणाला, "पण धडा काही कळत नाहीये."

हशा पिकला. मग बाईंच्या पक्षाचे लोक उठले. विरोधकांचा माईक मुद्दाम बंद केला, असा आरोप झाला. सरकारवाले म्हणाले, बाईंनाच नाटक करायचे आहे. ध्वनीकाका काचेतून दोन्ही हात हलवून सांगत होते की बटण चालू आहे, पण त्यांच्याकडे बघतो कोण? दोन्ही बाजू माझ्यावरून भांडत होत्या आणि माझ्याकडे कोणीच पाहत नव्हते. त्या गोंधळात बाईंची वेळ सरत चालली होती. मला ओरडावेसे वाटत होते. पण माईकला स्वतःचा आवाज कुठे असतो?

वेळ संपल्याची घंटा वाजली. बाईंनी खाली पाहिले. लघुलेखिकेने एक हात कानामागे धरला, मान हलवली आणि पेन खाली ठेवले. तिच्या डोळ्यांत टिंगल नव्हती. तिला खरेच ऐकू आले नव्हते.

तेव्हा बाई वाकल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या तोंडाकडे नीट पाहिले. त्यांनी एक टोपी काढली. खाली दुसरी. ती काढली, तर तिसरी. कांदा सोलावा तशा त्या सोलत गेल्या, आणि सभागृह हळूहळू गप्प झाले. शेवटची टोपी निघाली आणि मला एकदम सगळे ऐकू आले. पंख्याची घरघर, कागदांची सळसळ, बाईंचा भरलेला श्वास.

दारातून मावशी धावत आल्या. हातात नवी टोपी, चेहरा पांढरा पडलेला. आता नोकरी गेली, असेच त्यांना वाटत असणार. बाईंनी टोपी घेतली आणि हळूच म्हणाल्या, "असू दे हो मावशी. भीतीच तशी आहे." मग त्यांनी ती एकच टोपी मला चढवली.

"अध्यक्ष महोदय, माईक कोणी बंद केला नव्हता," त्या म्हणाल्या. "याचं तोंडच बांधलं गेलं होतं. मला थोडा वेळ द्या."

अध्यक्ष म्हणाले, "वेळ संपलाय, बाई. एक वाक्य बोला."

बाईंनी हातातल्या कागदांकडे पाहिले. चिमटे तसेच राहिले. कागद त्यांनी बाकावर पालथे टाकले.

"आमच्या गावच्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद आहे, एका घरी सुनेचे दिवस भरलेत, आणि तिला न्यायला पावाच्या टेम्पोशिवाय काही नाही, तेवढी सोय आज करा."

मी त्यातले अक्षरही सांडू दिले नाही. लघुलेखिकेचे पेन भरभर चालले. कोणी हसले नाही.

मंत्री उठले आणि माहिती घेऊन कळवतो म्हणाले. बाई बसल्या नाहीत. दिवा विझला तरी त्या उभ्याच. अध्यक्षांनी वर पाहिले, मग मंत्र्यांकडे पाहिले आणि विचारले, "माहिती कधी घेणार?" मंत्र्यांनी घसा खाकरला. "आजच, महोदय."

दुसरा दिवस माझा नुसता तगमगीत गेला. फोन वाजले, पण ते दुसऱ्यांचेच. बाईंचा पाय पुन्हा हलत होता. त्यानंतरच्या सकाळी बेकरीवाल्या काकूंचा फोन आला. दवाखान्यासमोर नर्सचे काम शिकवणाऱ्या शाळेचे वर्ग होते, त्यांतले दोन सरकारने बाळंतपणासाठी उघडले होते.

"नात झाली, बाई," काकू सांगत होत्या. "टेम्पोतूनच नेलं, पण कोपऱ्यापर्यंतच. गडबडीत भट्टीतले पाव सगळे जळाले. गल्लीभर वास. लोक म्हणाले, काकू, आग लागली का? म्हटलं, नाही, आजी झालेय."

बाई हसल्या. मग मास्क वर ओढून बराच वेळ डोळे पुसत बसल्या.

साथ ओसरली. गॅलरीत पुन्हा प्रेक्षक आले आणि मी कपाटात आलो. ध्वनीकाका निवृत्त झाले. मावशी मात्र अधूनमधून दार उघडतात आणि मला फडक्याने पुसून जातात. आता त्या तोंड फिरवत नाहीत. तरी माझी तळमळ काही जात नाही. सारखे वाटते, आत्ता या घटकेला कुठेतरी कोणी उभे असेल, तळमळून बोलत असेल, आणि त्याचे बोलणे कोणापर्यंत पोचत नसेल.

म्हणून तुमच्याजवळ एक मागणे आहे. तुमच्या शाळेतल्या माईकला मऊ फडक्याने पुसत जा, त्याची तार ओढू नका. आणि मागच्या कोपऱ्यातून कोणी बोलत असेल आणि ऐकू येत नसेल, तर जागेवर बसून "आवाज नाही" म्हणून ओरडू नका. उठा, त्याच्याजवळ जा, काय अडले आहे ते पाहा. आणि जरा लवकर जा, मित्रांनो. त्याला बोलायला फार थोडा वेळ मिळालेला असतो.