उत्तरेच्या खिडकीतला सूक्ष्मदर्शक

माझ्या आरशाच्या कडेला मोहरीच्या दाण्याएवढा एक टवका उडालेला आहे. आरसा गोल आहे, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने खोलगट. उजेड त्या टवक्यावर तिरपा पडला की भिंतीवर एक बारीक रंगीत रेघ उमटते. बाकी आरसा स्वच्छ आहे. समोरचा उजेड पकडून वर पाठवण्याचे काम तो आजही चोख करतो.

मित्रांनो, हा आरसा ज्याच्या पायाशी आहे तो मी, एक सूक्ष्मदर्शक. पितळी अंगाचा, काळ्या रंगाचा आणि आता बराच जुना. मला विजेचा दिवा नाही. खिडकी आणि आकाश एवढ्यावर माझे भागते.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका छोट्या कारखान्यात माझी नळी कातली गेली, भिंगे घासून बसवली गेली आणि मला लाकडी पेटीत बंद केले गेले. पेटी उघडली ती मुंबईच्या एका दुकानात. समोर विमलबाई उभ्या होत्या, रोह्याच्या एका शाळेतल्या शास्त्राच्या बाई. शाळेसाठी सूक्ष्मदर्शक निवडायला त्या स्वतः आल्या होत्या. परत जाताना एसटीत त्यांनी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. वडखळला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या गृहस्थांना राहवले नाही.

"बाई, पेटीत देव हाय का?"

"नाही, डोळा आहे," विमलबाई म्हणाल्या. गृहस्थ जरा सरकून बसले.

शाळेत मी कांद्याचा पापुद्रा दाखवला, माशीचा पंख दाखवला, कुंडलिका नदीच्या पाण्यात पळणारे जीव दाखवले. एकदा बाईंनी मुलांना सांगितले, "उद्या घरातली अशी वस्तू आणा, जिच्यात बघण्यासारखं काहीच नाही असं तुम्हाला वाटतं."

शांती नावाच्या मुलीने चिमूटभर मीठ आणले. ती रोह्याजवळच्या वरशाला मामाकडे राहून शिकत होती. तिचे घर वडखळच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावात. तिची आई धोंडुबाई मिठागरात कामाला जाई. मीठ पाहून वर्ग हसला. शांतीने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"बाई, ह्याला कोपरे हायत!"

मिठाचा प्रत्येक कण चौकोनी ठोकळ्यासारखा असतो. फोडला तरी त्याचे लहान चौकोनी ठोकळेच होतात. जन्मापासून मिठाच्या राशींत वावरलेल्या त्या मुलीला हे प्रथमच दिसत होते. त्या दिवसापासून ती माझ्याभोवती घुटमळू लागली. एकदा माझा आरसा काढून ती छतावर कवडसे नाचवत होती, तेव्हा तो हातातून निसटला आणि कडेचा टवका उडाला. शांती रडू लागली. विमलबाईंनी आरसा पुसून परत बसवला.

"फक्त कड गेलीय. कडेतून कोण बघतं?"

पुढे शाळेला नवे सूक्ष्मदर्शक मिळाले आणि मी कपाटात गेलो. दमट कपाटात भिंगांवर बुरशी जाळे विणते. आणखी काही पावसाळे तिथे काढले असते, तर मी आंधळा झालो असतो. पण पेणच्या रामवाडीत डॉक्टर हैबतरावांनी रक्त आणि थुंकी तपासायची लहानशी प्रयोगशाळा काढली आणि शाळेने मला त्यांच्या हवाली केले. त्यांनी मला एक नवे, जास्त शक्तीचे भिंग बसवले आणि उत्तरेच्या खिडकीशी जागा दिली. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा असतो. तापाने फणफणलेल्या माणसांच्या रक्तातले हिवतापाचे जंतू मी त्या उजेडात दाखवू लागलो.

काही वर्षांनी एक नवी तंत्रज्ञ कामावर आली. पांढरा कोट घालून ती माझ्यासमोर बसली आणि आरसा वळवताना तिचा अंगठा टवक्यावर थांबला.

"तू हितं हाईस व्हय!" शांती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यातून बघणारे खूप झाले, पण शांतीसारखे बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ती काचपट्टीच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करी आणि शेत नांगरावे तशी ओळीने पुढे जाई. मध्ये कुणी हाक मारली तर आधी खूण करून ठेवी, मग मान वर करी. "काही आढळले नाही" हे शब्द लिहिण्यापूर्वी ती सर्वांत जास्त वेळ घेई. जास्त शक्तीच्या भिंगाखाली तेलाचा थेंब ठेवूनच बघावे लागते; संध्याकाळी ते तेल ती मऊ कागदाने टिपून घेई. घासत कधीच नसे.

विजेवर चालणारा दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक आला, तेव्हा मला हलवायचे ठरत होते. "वीज गेल्यावर काय करायचं, सर?" एवढेच तिने विचारले. मी खिडकीत राहिलो.

मग एके दिवशी ती एका संस्थेचे पत्र घेऊन आली. आफ्रिकेतल्या मलावी देशात एका लहान दवाखान्याला रक्त तपासणारा स्वयंसेवक हवा होता. दोन वर्षांसाठी. मुलाखत झाली आणि शांतीची निवड झाली. हैबतरावांनी पेढे वाटले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

"तिथे विजेचा भरवसा नाही म्हणतात. तू गेलीस की हा तुझ्याबरोबर जाईल. नाही गेलीस तर याला कपाटात ठेवावं लागेल. खिडकीत नवीन यंत्र यायचंय."

म्हणजे आम्हा दोघांचे जाणे एकाच गाठीला बांधले गेले.

राहिली होती ती फक्त वैद्यकीय तपासणी. रक्त, डोळे, हृदय सगळे ठीक निघाले. छातीच्या एक्स-रेत मात्र उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली एक डाग दिसला. त्या जागी डाग म्हटले की क्षयाची शंका येते. संस्थेच्या मुंबईच्या डॉक्टरांनी कळवले की थुंकीतले जंतू वाढवून पाहावे लागतील, मग पुन्हा एक्स-रे काढावा लागेल आणि तोपर्यंत मंजुरी देता येणार नाही. क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात. ते नाहीत अशी खात्री करायलाही दोन महिने थांबावे लागते.

स्वतःची काचपट्टी स्वतः वाचायची नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम होता. हैबतराव तिची थुंकी तपासत होते तेव्हा शांती पाठमोरी होऊन धुतलेल्या काचा पुसत होती. एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होती.

"काही नाही," हैबतराव म्हणाले.

"सगळी बघितली?"

"तू बघतेस तशीच बघितली, बाई."

गावात निरोप समारंभ आधीच होऊन गेला होता. आता शेजारणीला विषय मिळाला. जेवणाच्या सुट्टीत शांतीच ते हसत हसत सांगे. "सीताबाई विचारते, काय गो शांते, तुझं आफ्रिकेचं इमान वडखळच्या नाक्यावर पंक्चर झालंय काय?" हसून झाले की ती डबा अर्धाच ठेवून झाकण लावी.

पण ती नुसती थांबून राहिली नाही. त्या दोन महिन्यांत तिने मला खोलायला आणि जोडायला शिकून घेतले. माझ्या दात्यांतले जुने ग्रीस काढून नवे भरले. विजेचे यंत्र मोकळे असले तरी ती मुद्दाम माझ्यावर काम करी, ढगाळ दिवशीही. आरशाची कोणती बाजू केव्हा वापरायची, आभाळ भरून आल्यावर किती उजेड पुरतो, हे तिच्या हातांना पाठ झाले. मंजुरी देणे तिच्या हातात नव्हते, तयारी होती.

आणखी एक होकार अडला होता. धोंडुबाईने अजून "जा" म्हटले नव्हते. ती अधूनमधून पेणच्या बाजाराला आली की लेकीसाठी डबा घेऊन येई आणि दाराजवळच्या बाकावर बसे. माझ्याजवळ कधी येत नसे.

"आये, मी जाऊ ना?" शांती विचारी.

"भाकर खा आधी. गार होते."

दर वेळी उत्तर असेच. कधी भाकर, कधी पाऊस, कधी एसटीची वेळ.

थुंकीत जंतू वाढले नाहीत. सगळ्यांना हायसे वाटले. दुसरा एक्स-रे काढला आणि त्यातही डाग निघाला. संस्थेने कळवले की महिनाअखेरपर्यंत मंजुरी मिळाली नाही, तर दुसऱ्या कुणाला पाठवावे लागेल.

त्या दुपारी शांतीने दोन्ही एक्स-रे माझ्या शेजारी खिडकीच्या काचेवर चिकटवले. हैबतराव मागे येऊन उभे राहिले.

मग हैबतराव पुढे वाकले. "शांती, पहिल्यात डाग कुठे आहे? या फासळीच्या वर. आणि दुसऱ्यात?"

"खाली," शांती म्हणाली. "एक फासळी खाली."

"फुप्फुसातला डाग वाढेल, कमी होईल. चालायला कसा लागला?"

शांतीने माझे डोळ्याकडचे भिंग काढले. ते उलटे धरले की हातातल्या भिंगासारखे वापरता येते. माझ्या त्या भिंगातून तिने डागाकडे पाहिले. दुरून जो ढग वाटत होता, तो जवळून लहान लहान ठिपक्यांचा होता. आणि ते ठिपके गोल नव्हते.

"सर," ती हळूच म्हणाली, "ह्याला कोपरे हायत."

धोंडुबाई बाकावर बसली होती. शांती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आये, फोटो काढायला गेले त्या दोन्ही दिवशी माझी वेणी तू घातलीस. वेणीत काय बांधलंस?"

धोंडुबाईने पदर सावरला. "काय बांधनार? सगळ्या गावाचा डोला तुझ्यावर. मीठमोहरीची पुरचुंडी घातली बारकी. आपल्याच आगरातलं मीठ, खडे खडे निवडून घेतले."

"मला कशी नाय दिसली?"

"काल्या फडक्यात बांधली ना गो. आनि सांजंला वेणी मीच सोडली. पुरचुंडी चुलीत टाकली. असं तडतडलं मीठ, म्हनलं बरी निघाली दृष्ट!"

एक्स-रे काढताना शांतीने जाड वेणी पाठीवरून पुढे, उजव्या खांद्यावर घेतली होती. मिठाचे खडे हाडासारखेच किरण अडवतात. पहिल्या खेपेस पुरचुंडी वेणीत वर होती, दुसऱ्या खेपेस जरा खाली.

हैबतराव खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "धोंडुबाई, गावाची दृष्ट निघाली, पण मुंबईच्या डॉक्टरांची लागली की!"

धोंडुबाई हसली नाही. "माज्यामुलं अडली ती?" तिने लेकीकडे पाहिले. "मी बांधलं, म्हनून तू अडलीस?"

"मला काय होऊ नये म्हणूनच तू बांधलंस ना, आये," शांती म्हणाली आणि तिच्याजवळ बसली.

तिसऱ्या एक्स-रेच्या दिवशी धोंडुबाई सकाळीच प्रयोगशाळेत आली. बाकावर बसून तिने शांतीचे केस विंचरले, डोक्यावर उंच अंबाडा घातला आणि दोन्ही रिकामे हात पुढे करून हैबतरावांना दाखवले. "बघून घ्या, डाक्टर. काय नाय." मग ते हात तिने पदरात गुंडाळून घेतले. लेकीला पुरचुंडीशिवाय घराबाहेर सोडणे तिला किती जड गेले, ते मी खिडकीतून पाहिले.

एक्स-रे स्वच्छ निघाला. हैबतरावांनी तिन्ही एक्स-रे आणि खुलाशाचे पत्र स्वतः मुंबईला नेऊन दिले.

मित्रांनो, माझे वय झाले आहे, म्हणून एक सांगतो. भिंगाला बोट लावू नका. तेल टिपा, घासू नका. ज्या वस्तूची पाळी अजून आली नाही तिलाही पुसून, तेल देऊन ठेवा. उजेड कधी येईल ते आपल्याला ठाऊक नसते, तो आला त्या वेळी आरसा मळलेला नसावा. हे मी शांतीकडून शिकलो. ती थांबून होती, पण तिने मला एक दिवसही धूळ खात ठेवले नाही.

महिना संपत आला होता तेव्हा दुपारी फोन वाजला. धोंडुबाई डबा घेऊन आलेली होती. हैबतराव "हो, हो" म्हणत राहिले, मग फोन ठेवून म्हणाले, "मुंबईची मंजुरी आली. तब्येतीची काहीच हरकत नाही."

शांती उठली, पण उडी मारली नाही. तिने आईकडे पाहिले. मग डब्यातल्या मिठाचा एक कण काचपट्टीवर ठेवला, ती काचपट्टी माझ्याखाली सरकवली, आरसा वळवला आणि म्हणाली, "आये, हिकडं ये."

"मला काय कलतंय त्या दुर्बिनीतलं?"

"ये तरी."

धोंडुबाई प्रथमच माझ्याजवळ आली. तिने एक डोळा हाताने झाकला आणि दुसरा माझ्या भिंगाला लावला. तिचा श्वास माझ्या पितळेवर धुक्यासारखा उमटला. मी माझ्याकडे होता तेवढा उजेड वर पाठवला.

"ह्ये आपलं मीठ?"

"व्हय."

"एवढं चोख? घडवल्यासारखं?"

"तुझ्याच हातचं."

धोंडुबाईने डोळा काढला नाही. आयुष्यभर पायांखाली तुडवलेले आणि टोपलीने वाहिलेले मीठ ती पाहत होती. बाहेर महामार्गावर एक ट्रक गेला आणि कण किंचित हलला. मग ती सरळ उभी राहिली. पदराच्या टोकाने तिने माझ्या भिंगाची कड टिपली. घासली नाही, टिपली.

"जा गो शांते," ती म्हणाली. "पन एकटी नको जाव. ह्याला संगं घेऊन जा."